वाचकांचे प्रश्न : परसदारची बैठक आणि खालची काळी माती

दिवाळीनंतर बांधकामाचा हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबर या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे घरामागच्या मोकळ्या जागेत बसण्या-उठण्याची सोय करण्याविषयी आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. त्यातला हिशेब इतरांनाही उपयोगी पडणारा असल्यामुळे तो सविस्तर दिला आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून परभणी येथे आमचे स्वतःचे घर आहे. घरामागे सुमारे तीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद जागा मोकळी पडून आहे. तिच्या वायव्य कोपऱ्यात पंधरा वर्षांचे लिंबाचे झाड आहे. तेथे वीस बाय पंधरा फुटांची फरशी, तिच्यावर सावलीचे छत, एक झोपाळा आणि सुनेच्या आग्रहाखातर चुलीवर भाकरी करता येईल असा ओटा बांधावा, असा विचार आहे. हिवाळ्यात हुरड्यासाठी आगटीची जागाही हवी. आमच्याजवळ अडीच लाख रुपये आहेत. दोन गुत्तेदारांना जागा दाखवली. एकाने चिठ्ठीवर ‘सर्व कामासह २ लाख १० हजार’ एवढेच लिहून दिले; दुसऱ्याने दीड पानाचा तपशील देऊन ३ लाख ५ हजार सांगितले. पहिले गुत्तेदार यजमानांच्या ओळखीचे आहेत. आम्ही काम कोणाला द्यावे?
(एक वाचक, परभणी)

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न दोघांनाही विचारायला हवा, तो असा की, फरशीखाली काय घालणार? परभणीची माती काळी, कसदार, कापसाला आणि ज्वारीला उत्तम. बांधकामाला मात्र अतिशय त्रासदायक आहे. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, इतकी की मे महिन्यात जमिनीच्या भेगेत हाताचा पंजा सहज जातो. घराचा पाया खोल असतो आणि त्यावर घराचे वजन असते, म्हणून घर बऱ्याच अंशी टिकून राहते. परसदारची फरशी मात्र हलकी आणि उथळ असते, त्यामुळे माती फुगली की ती पापडासारखी उचलली जाते. दोन पावसाळ्यांनंतर सांधे उघडतात, कडेची फरशी पोकळ वाजू लागते आणि दोष फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला दिला जातो. वास्तविक त्याने फरशी बसवली तेव्हा ती सरळच होती.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या घरामागची पहिली फरशी मी ऐन मे महिन्यात, भेगाळलेल्या मातीवर चार इंच मुरूम पसरून, दोन दिवसांत घालून घेतली होती, आणि ऑगस्टमध्ये तिच्या मधोमध एवढा उंचवटा आला की स्टुलाचे तीनच पाय टेकत होते. अभियंत्याच्या घरी असे झाल्याचे शेजाऱ्यांनी बरेच दिवस लक्षात ठेवले.

म्हणून पहिला खर्च एका मजुराच्या एका दिवसाचा करावा. छताचे खांब जेथे येणार आहेत अशा दोन ठिकाणी तीन फूट लांबी-रुंदीचे खड्डे खणून घ्यावेत आणि काळी माती किती खोलवर आहे व तिच्याखाली मुरूम केव्हा लागतो हे स्वतः उभे राहून पाहावे. मुरूम चार-पाच फुटांवर लागला तर काम सोपे आहे. खांबांचे पाये तेथपर्यंत नेता येतील. सहा फुटांपर्यंतही निव्वळ काळी मातीच असेल, तर स्थानिक अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. अशा जमिनीसाठी खालच्या टोकाशी फुगीर असलेले, साडेतीन मीटरच्या आसपास खोल जाणारे काँक्रीटचे खुंट घालण्याची पद्धत आपल्याकडे रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुळवली. त्या खोलीवर ऋतूंप्रमाणे होणारा ओलाव्याचा फरक फारसा पोचत नाही, हे त्यामागचे कारण आहे. झोपाळ्याच्या छतासाठी त्याची गरज बहुधा पडणार नाही, पण ते खड्डा पाहूनच ठरवावे.

आता हिशेब. वीस बाय पंधरा म्हणजे तीनशे चौरस फूट. एवढ्या जागेतली काळी माती निदान दीड फूट तरी काढून टाकावी, म्हणजे ४५० घनफूट, अर्थात साडेचार ब्रास माती निघते. ती तेथेच कुंपणाशी ढीग करून ठेवायची की वाहून न्यायची आणि नेण्याचे पैसे कोणी द्यायचे, हे आधी ठरलेले नसेल तर काम सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी पहिला वाद त्यावरून होतो. तेवढ्याच जागेत मुरूम भरायचा. धुम्मस केल्यावर, म्हणजे ठोकून दाबल्यावर, तो बसतो, म्हणून साडेचार ब्रास भरावासाठी साडेपाच ब्रासच्या आसपास सैल मुरूम लागेल. तो एकदम ओतून वरून पाणी सोडणे म्हणजे भराव नव्हे. सहा-सहा इंचांचे थर द्यावेत, प्रत्येक थर ओलसर करून यंत्राने ठोकावा आणि मगच पुढचा थर टाकावा. त्यावर एकास तीन, सहा (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणाचे चार इंच जाडीचे काँक्रीट धरले तर ते बरोबर शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास होते आणि त्याला सिमेंटच्या बारा-तेरा गोण्या लागतात. फरशी तुटफुटीसह सव्वातीनशे चौरस फूट मागवावी. या आकड्यांना आपल्या गावातल्या आजच्या दरांनी गुणले की जमिनीच्या कामाची खरी किंमत हाती येते. मुरूम आणि वाळू घेताना वाहतूकदाराकडून रॉयल्टीची पावती मागून घ्यावी.

फरशीला उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, दर चार फुटांना अर्धा इंच या बेताने हवा, म्हणजे पंधरा फुटांत जवळजवळ दोन इंच. फरशीची वरची पातळी घराच्या जोत्यातील ओलरोधक थराच्या निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे, नाहीतर बैठक छान होईल आणि मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येईल. छताचे पाणीही मोजून घ्या. तीनशे चौरस फुटांच्या छतावर हंगामात सातशे मिलिमीटर पाऊस पडला आणि वीस टक्के वाया गेला असे धरले, तरी पंधरा हजार लिटरहून अधिक पाणी पन्हळीतून उतरते. ते खांबाच्या बुडाशी सोडले तर आपण स्वतःच्या हाताने काळ्या मातीला पाणी पाजतो. ते पाइपने टाकीत किंवा घराच्या पायापासून आणि खांबांपासून दहा फूट दूर शोषखड्ड्यात न्यावे. खांबांना लागून कर्दळी किंवा केळी लावण्याचा मोहही टाळावा.

लोखंडी छताच्या बाबतीत दर नेहमी वजनावर ठरवावा आणि जाडी लिहून घ्यावी. तीन इंची चौकोनी पाइप तीन मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचे वजन मीटरला पावणेसात किलोच्या आसपास भरते, दोन मिलिमीटरचा असेल तर साडेचार किलोच. रंग दिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘खांब सहा नग’ असे लिहिलेल्या चिठ्ठीत हा फरक सहज मावतो. खांबांची चौकट घराच्या भिंतीला जखडू नये. घराचा पाया आणि खांबांचे पाये वेगवेगळ्या प्रमाणात हलतात आणि तडा भिंतीला जातो. मध्ये दोन इंच फट ठेवून तिच्यावर पत्र्याची पट्टी बसवली की पाऊसही आत येत नाही. पत्रे स्क्रूने किंवा हुकाच्या बोल्टने घट्ट आवळावेत. मृगाच्या आधी वळवाचे वारे कसे सुटतात आणि कोणाच्या घरावरचा पत्रा कोणाच्या शेतात सापडतो, हे आपल्याला सांगायला नको. झोपाळा छताच्या पाइपला टांगणार असाल तर गुत्तेदाराला ते आजच सांगा. झोक्याचा ताण वेगळा धरावा लागतो आणि मागाहून टांगलेल्या झोपाळ्याने वाकलेले पाइप मी अनेक घरी पाहिले आहेत.

उन्हाचा विचार थोडक्यात करू. परभणीत मे महिन्याच्या मध्याला सूर्य दुपारी अगदी माथ्यावर येतो आणि संध्याकाळी वायव्येकडे मावळतो. म्हणजे दुपारी छत कामाला येते; संध्याकाळी पाचनंतर, जेव्हा आपण खरोखर तेथे बसणार आहात तेव्हा, तिरपे ऊन छताखालून सरळ तोंडावर येते. आपले लिंबाचे झाड नेमके त्याच कोपऱ्यात आहे, हे आपले मोठे भाग्य. त्याला हात लावू नका. शहरी भागात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागतेच, पण परवानगी मिळाली तरी ती वापरू नये असे मी म्हणेन. बुंध्याभोवती चार फूट माती मोकळी ठेवा, तेवढ्यात मुरूम-काँक्रीट नेऊ नका. नुसता पत्रा घातला तर दुपारी त्याच्याखाली बसवत नाही. पत्र्याला वरून पांढरा रंग आणि खालून बांबूच्या चटया, एवढ्या साध्या उपायाने बराच फरक पडतो.

चुलीचा ओटा वाऱ्याच्या दिशेचा विचार करून बांधावा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून चूल पूर्वेच्या कडेला ठेवली की धूर बैठकीवर येत नाही. हुरड्याची आगटी फरशीवर मुळीच करू नये, दगड तापून फुटतो. अठरा फुटांतून पंधरा वजा केल्यावर उरलेल्या तीन फुटांच्या पट्टीत, मातीतच, झाडापासून आणि छतापासून दूर तिची जागा ठेवावी. काँक्रीट टाकण्यापूर्वी दोन इंची प्लास्टिकचे दोन रिकामे पाइप घरापासून बैठकीच्या पलीकडच्या कडेपर्यंत पुरून ठेवावेत, एक विजेसाठी आणि एक पाण्यासाठी. त्यांना खर्च किरकोळ येतो. नंतर फरशी फोडायची वेळ आली तर तो कितीतरी पटींनी वाढतो. बाहेरच्या प्लगसाठी गळती होताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा स्विच आणि व्यवस्थित अर्थिंग हे ऐच्छिक समजू नये.

आता पैसे. अडीच लाखांपैकी पंचवीस ते तीस हजार बाजूला काढून ठेवा आणि ते नाहीतच असे समजून उरलेल्या सव्वादोन लाखांत काम बसवा. जमिनीखाली काय निघेल ते खणल्याशिवाय कळत नाही. तेवढ्यात सगळे बसणार नाही, हे उघड आहे. अशा वेळी लोक मुरूम कमी करतात, पाइपाची जाडी उतरवतात आणि ओटा मात्र ग्रॅनाइटचा करतात. मी याच्या नेमके उलट सुचवीन. या वर्षी खणणे, भराव, खांबांचे पाये, रिकामे पाइप, काँक्रीट आणि फरशी एवढे पुरते करा. पायांमध्ये खांब बसवण्याचे बोल्ट गाडून ठेवा. पैसे उरले तर छताची चौकट उभी करून तिच्यावर तूर्त शेतीची हिरवी जाळी ताणा. पत्रे आणि ओटा पुढच्या वर्षी. वर्षभर तीन विटांची चूल मांडून भाकरी केली म्हणजे ओटा नेमका कोठे हवा हेही सुनेला कळेल.

काम दिवाळीनंतर सुरू करून जानेवारीअखेर संपवावे. त्या काळात माती फार कोरडी नसते आणि फार ओलीही नसते, म्हणजे पुढे तिच्यात होणारा बदल दोन्ही बाजूंनी कमी राहतो. दुसरे कारण पाण्याचे. काँक्रीट निदान सात दिवस, हल्ली मिळणाऱ्या मिश्र सिमेंटचे तर दहा दिवस सतत ओले राहिले पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या विभागात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे उन्हाळ्यात फरशीवर आळी करून पाणी भरून ठेवणे मनालाही पटत नाही आणि टँकरच्या दरात परवडतही नाही.

दोन्ही गुत्तेदारांविषयी माझे मत असे. पहिल्यांची चिठ्ठी स्वस्त आहे असे म्हणताच येत नाही, कारण ती कशाची किंमत आहे हेच तिच्यात नाही. ते अप्रामाणिक आहेत असे मी मानत नाही. त्यांच्या मनात कदाचित चार इंच मुरूम आणि हलका पाइप असेल आणि त्या हिशेबाने त्यांची रक्कम रास्तही असेल. आपण वर दिलेली मापे एका कोऱ्या कागदावर लिहून त्याच कागदाच्या दोन प्रती दोघांना द्या आणि प्रत्येक बाबीपुढे दर लिहून मागा. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची एखाद्या अभियंत्याकडून घेऊन तिच्याशी ताडून पाहा. घरगुती लहान कामाचे दर तिच्याहून थोडे चढेच असतात, पण कोणती बाब अवाच्या सवा लावली आहे ते लगेच दिसते. दर समोर आले की दोघांमधले पंचाण्णव हजारांचे अंतर बरेच कमी होईल असा माझा अंदाज आहे.

मग दोघांचेही एकेक जुने काम पाहायला जा, नवे नको. ज्याच्यावर दोन पावसाळे गेले आहेत असे काम दाखवा म्हणावे. फरशीवर काठी आपटत चाला आणि भिंत व फरशी यांच्यामधली रेघ पाहा. त्या घरमालकाला फक्त एक विचारा : शेवटचे पैसे दिल्यानंतर बोलावले तेव्हा गुत्तेदार आले का? ओळखीचा मुद्दा आपण सौजन्याने लिहिला आहे, पण मला त्यात अडचणच दिसते. ओळखीच्या माणसाला चुकीचा थर उकरून काढायला सांगण्याची जीभ होत नाही.

करार लेखी करा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराऐवजी पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो, तेवढाच काय तो खर्च. त्यात मापे, जाड्या, मिश्रणाचे प्रमाण, कामाची मुदत, पाणी आणि वीज कोणी द्यायची, उरलेला राडारोडा कोणी उचलायचा आणि कामगाराला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे सर्व असावे. वस्तू व सेवा कर आकारणार असतील तर बिलावर त्यांचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. पैसे सुरुवातीला दहा टक्के, भराव आणि खांबांचे पाये झाल्यावर पंचवीस, काँक्रीट व फरशी झाल्यावर पंचवीस, छत झाल्यावर तीस, आणि शेवटचे दहा टक्के एक पावसाळा सरल्यावर, अशा टप्प्यांनी द्यावेत. शेवटच्या अटीवर दोघांपैकी एक जण नक्की नाराज होईल. कोण होतो ते पाहा, निवड सोपी होईल.

एक राहिले. नुसती फरशी ही सहसा हरकतीची बाब नसते. छत आले की ते बांधकाम होते आणि मग घराभोवती सोडायच्या सामासिक अंतराचा नियम लागतो. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार आपल्या भूखंडाला मागील बाजूस किती अंतर सोडावे लागते, हे महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशा दाखवून काम सुरू करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

प्रश्न : औसा तालुक्यात आमचा जुना वाडा होता. आता त्याची मागची एक दगडी भिंत तेवढी उरली आहे, दोन फूट जाड आणि नऊ फूट उंच. तिच्या आधाराने एका बाजूला लाकडी वासे टाकून सपरासारखी वसरी काढावी, म्हणजे दोन खांबांचा आणि पायाचा खर्च वाचेल, असे गावातल्या मिस्त्रीचे म्हणणे आहे.
(एक वाचक, औसा तालुका)

उत्तर : हा खर्च वाचवू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जो भूकंप झाला, त्यात सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक अशाच भिंतींखाली आणि त्यांच्यावरच्या जड माळवदांखाली गेली. या भिंती बाहेरून भक्कम दिसतात, पण त्या आत आणि बाहेर अशा दोन वेगळ्या दगडी पाती असतात. मधल्या पोकळीत गोटे आणि माती भरलेली असते, आणि दोन्ही पातींना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड पुष्कळ ठिकाणी घातलेलेच नसतात. हादरा बसला की पाती एकमेकींपासून सुटून दोन्हीकडे कोसळतात. छप्पर गेल्यानंतर आपल्या भिंतीच्या माथ्यातून इतकी वर्षे पाणी मुरत असणार, त्यामुळे आतली माती धुपून ती आणखी पोकळ झाली असेल.

वसरी चार स्वतंत्र खांबांवर उभी करा, वर हलका पत्रा घाला आणि भिंतीपासून ती निदान भिंतीच्या उंचीएवढी दूर घ्या. तेवढी जागा नसेल तर भिंत तीन फुटांपर्यंत उतरवून घ्या, माथ्यावर सिमेंट-काँक्रीटचा सलग पट्टा द्या आणि उतरवलेल्या दगडांचा बसायचा कट्टा बांधा. वाड्याची भिंत उतरवायला मन होत नाही हे मी समजू शकतो, पण कट्ट्यात तेच दगड राहतात.

प्रश्न : घरामागच्या ओट्याला शहाबादी फरशी घालावी की चकचकीत टाइल्स? दुकानदार टाइल्सचा आग्रह धरतो.
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : शहाबादी किंवा तांडूर, आणि तीही पॉलिश न केलेली. गुळगुळीत टाइल पावसाच्या पहिल्या सरीत घसरडी होते, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर हा विषय तेथेच संपतो. कडप्पा काळा असल्यामुळे उन्हाळ्यात त्याच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. फरशी एक इंचाहून कमी जाडीची घेऊ नये आणि कडा यंत्राने कापलेल्या घ्याव्यात, म्हणजे सांधे बारीक राहतात. हे सगळे चुनखडीचे दगड आहेत, त्यामुळे चिंचेचे किंवा लिंबाचे पाणी सांडून राहिले की पांढरट डाग कायमचा पडतो. साफसफाईसाठी अॅसिड तर कधीच वापरू नये. शहाबाद आणि मराठवाडा हे दोन्ही पूर्वी हैदराबाद संस्थानातच असल्याने आपल्या जुन्या घरांतून ही फरशी सर्रास दिसते. दुकानदाराला आपल्या आजीच्या घरातला ओटा दाखवावा.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगर येथे राहतो. घरामागे बैठक आणि पर्गोला (खांबांवरचे उघड्या पट्ट्यांचे छत) करण्याचे काम एका गुत्तेदाराला ३ लाख ४० हजारांत दिले. साहित्याचे भाव वाढतील असे सांगून त्यांनी सुरुवातीलाच २ लाख ४० हजार ऑनलाइन घेतले. खड्डे खणले, थोडा मुरूम टाकला, चार खांब उभे केले. गेले तीन महिने फोन उचलत नाहीत. लेखी करार नाही, मोबाइलवर संदेशांची देवाणघेवाण आहे. मधल्या काळात मीही नकाशा दोनदा बदलला होता, हे प्रामाणिकपणे सांगतो.
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपण शेवटचे वाक्य लिहिलेत ते बरे केलेत, कारण गुत्तेदार पहिला बचाव तोच करतील. नकाशा बदलल्याने दर आणि मुदत बदलू शकते. फोन न उचलण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

रागाच्या भरात दुसरा मिस्त्री लावून काम पुढे नेऊ नका. आज जे जागेवर आहे तोच आपला पुरावा आहे. एखाद्या स्वतंत्र अभियंत्याला बोलावून झालेल्या कामाचे मोजमाप लिहून घ्या : किती घनफूट खोदकाम, किती ब्रास मुरूम, खांबांची जाडी आणि वजन. फोटो काढताना चौकटीत मोजपट्टी दिसू द्या. त्या मोजमापाला बाजारदर लावून झालेल्या कामाची किंमत काढा; आपण दिलेल्या वर्णनावरून ती दिलेल्या रकमेच्या निम्म्याच्याही बरीच खाली भरेल असे वाटते. मोबाइलवरचे संदेश आणि बँकेच्या नोंदी यांच्या प्रती काढून ठेवा. कागदावर करार नसला तरी करार होता हे त्यांतून दाखवता येते.

नंतर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. त्यात आरोप करू नका. मिळालेली रक्कम, झालेल्या कामाची मोजमापाने निघालेली किंमत, आपण केलेले दोन बदल आणि त्यांच्या तारखा एवढे मांडून पंधरा दिवसांत काम सुरू करावे किंवा उरलेली रक्कम परत करावी, अशी मागणी करा. माझ्या पाहण्यातली बरीच प्रकरणे या पत्रावरच मिटली आहेत, कारण समोरच्याला कळते की हिशेब लिहिला गेला आहे. गुत्तेदार आले आणि काम पुरे करायला तयार झाले, तर जुना विषय उगाळू नका. उरलेल्या एक लाखाचे टप्पे पाडून नवा लेखी करार करा आणि यापुढे काम आधी, पैसे मागून, असा क्रम ठेवा.

ते आलेच नाहीत तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. पैसे घेऊन घरगुती बांधकाम करून देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवाच आहे. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकील देणे बंधनकारक नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आपले तीन महिने गेले आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली तर काही वेळा तडजोड तेथेच होते.

निकाल लागेपर्यंत ते उघडे खड्डे मात्र तसेच ठेवू नका. मोजमाप आणि फोटो झाले की ते मुरमाने भरून घ्या आणि खांबांच्या बुडाशी पाणी साचणार नाही असा उतार द्या. पावसाळ्यात त्या खड्ड्यांत पाणी थांबले तर ते घराच्या पायाखालच्या मातीत जाईल, आणि पुढच्या वर्षी आपण मला मागच्या भिंतीच्या तड्याविषयी पत्र लिहाल.